जेठी सफरचंद आणि तीन दिवसांची ओळख

एका राज्यात एक झाड होतं. झाड शहाणं होतं, राजा झाडाहून शहाणा होता, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

झाड सफरचंदाचं. पण तुम्ही बाजारात बघता तसलं लालभडक, सहा महिने टोपलीत मख्ख बसून राहणारं नव्हे. याला जेठी म्हणत, कारण बाकीची सफरचंदं हिरवीकच्च असताना हे जेठातच पिके. रंग फिकट पिवळा, उन्हाच्या अंगाला गुलाबी छटा. साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी. अंगठा टेकला की तिथं तपकिरी डाग. चावा घेतला की आंबटगोड रस कोपरापर्यंत ओघळे. पण पिकल्यापासून तीन दिवसांत खाल्लं तर खाल्लं. चौथ्या दिवशी आत नुसतं पीठ. शिवाय सगळी फळं एकदम पिकत नसत. आज चार, उद्या सहा, परवा एकही नाही. झाडाची मर्जी.

राजा उग्रकेतूला असली मर्जी मंजूर नव्हती. त्यानं मुहूर्त काढला आणि पिकली न पिकली, सगळी फळं एका दिवसात उतरवून दगडी तळघरात कोंडायचा हुकूम दिला. दसऱ्याला पाहुणे राजे येणार, त्यांच्यापुढं मांडायची होती.

झाडाचा राखणदार सिदोजी माळी हात जोडून म्हणाला, "महाराज, ही टिकायची नाहीत."

"माझ्या राज्यात काय टिकायचं ते मी ठरवतो," राजा म्हणाला.

तळघराला कुलूप पडतंय तोच डोंगरापलीकडची जखीण दारात आली. झाड मुळात तिनंच दिलेलं. दर जेठात एक फळ तिचं, असा शब्द होता. तिनं फळ मागितलं.

"दसऱ्याला ये," राजा म्हणाला.

जखीण चिडली नाही. चिडली असती तर परवडलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "न टिकणारं कोंडलंस. आता टिकायचं तेही टिकणार नाही. तुझ्या राज्यात माणसाला माणसाची ओळख तीन दिवस राहील. चौथ्या दिवशी पीठ. जेठीचा हंगाम सरेपर्यंत उतारा मिळाला नाही, तर मग कायमचंच."

ती गेली. तिच्यामागं झाडानं मुळं उपसली आणि तेही डोंगराच्या वाटेला लागलं. तळघरातली फळं सोन्याची झाली. राजा म्हणाला, शाप असावा तर असा.

चौथ्या दिवशी तोच राजा राजवाड्याच्या दारात उभा राहून पहारेकऱ्याला विचारत होता, "राजेसाहेब आहेत का आत?"

पहारेकरी म्हणाला, "असतील. तू पखालीचं पाणी आणलंस का?"

राजानं मुकाट पखाल उचलली. दिवाण न्हाव्याच्या घरी जेवायला बसला. न्हावी जाऊन न्यायासनावर बसला, आणि न्याय बरा देत होता म्हणतात; पण भांडण कुणाचं होतं हेच भांडणारे विसरून गेले होते.

सिदोजी घरी आला. बायको आवडी दारात तांदूळ निवडत होती. तिनं गूळपाणी पुढं केलं आणि विचारलं, "पाव्हणं, कुठल्या गावचं?"

सिदोजीला वाटलं, थट्टा करतेय. "आवडे, मी."

"माझं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हणत तिनं मुसळ उचललं.

सिदोजी ओट्यावर राहू लागला. तीन दिवसांत ती जरा नरमे, तिसऱ्या दिवशी भाकरीवर लोणी येई, आणि चौथ्या सकाळी पुन्हा मुसळ. वीस वर्षांचा संसार, आणि दर चौथ्या दिवशी पाव्हणा. त्याला स्वतःला माणसं आठवत होती, पण दिशा पार चुकत. विहिरीवर जायला निघे आणि मसणवटीत पोचे. आपण वेडे की गाव वेडं, हेच त्याला उमगेना.

मसणवटीतल्या वडावर एक म्हातारा धनेश पक्षी बसे. तो म्हणाला, "माळ्या, तुलाच बायको कशी आठवते?"

"मला काय ठाऊक?"

"झाड उतरवलं त्या सकाळी काय खाल्लंस?"

"खाली पडलं होतं एक जेठी. तिथंच उभ्यानं खाल्लं."

"मग कळलं का काही?"

"नाही."

"अर्धंच खाल्लं असशील," धनेश म्हणाला. ते खरं होतं. उरलेलं अर्धं मुंगळ्यांनी नेलं होतं. "चल. माझ्या चोचीकडं बघून चाल, स्वतःच्या अकलेनं चालू नकोस."

पाच दिवसांची वाट. धनेश उजवीकडं म्हणे, सिदोजी डावीकडं वळे. शेवटी धनेशानं त्याचा कान चोचीत धरला, तेव्हा कुठं दोघं जखिणीच्या बागेत पोचले. बागेत शंभर झाडं, सगळी सारख्या उंचीची, सारख्या पानांची.

जखीण म्हणाली, "तीन कामं. झाड ओळख. फळ ओळख. मग ते बायकोच्या मुखी लाव."

सिदोजी गोंधळला. शंभरदा फिरला, एकच झाड तीनदा मोजलं, मोजणी सोडली. मग खाली बसून वर पाहिलं. नव्याण्णव झाडांवरची फळं एका रंगाची, शिपायांसारखी रांगेत पिकलेली. एकाच झाडावर नव्यानं धरलेली, काही पिवळी, काही हिरवी, दोन खाली पडलेली, एक अर्धवट लाजल्यासारखं. "हे," तो म्हणाला. "असली मनमानी दुसरं कुणी करत नाही."

जखिणीनं तीन पिवळी फळं त्याच्यापुढं ठेवली. रंग एक, वास एक. सिदोजीनं एकेक कानाशी नेऊन हलवलं. दोन मुकी होती. तिसऱ्याच्या पोटात बिया खुळखुळल्या. जेठी पिकलं की बिया सुटतात, हे माळ्याला सांगावं लागत नाही. "हे," तो म्हणाला.

"ने मग," जखीण म्हणाली.

त्यानं ते गवतात गुंडाळलं आणि पळत सुटला. चौथ्या दिवशी गवत उघडलं. फळ दिसायला शाबूत, दाबलं तर बोटं पिठात गेली. तो परत फिरला. दुसऱ्यांदा हिरवं तोडून नेलं, वाटेत पिकेल म्हणून. ते पिकलं नाही, सुरकुतलं, आणि चव चिंचेच्या सालासारखी. पुन्हा परत.

"तू उडत नेशील का?" त्यानं धनेशाला विचारलं.

"नेईन. पण पहिल्या डोंगरापर्यंत मी खाल्लेलं असेल. माझा स्वभाव आहे."

सिदोजी झाडाखाली डोकं धरून बसला. फळ तीन दिवसांचं, वाट पाच दिवसांची. पळून वाट आखडेना, गुंडाळून फळ लांबेना. हंगाम निम्मा सरला होता. समोर टपकन् एक फळ पडलं. त्यानं ते पुरं खाल्लं, भूक लागली होती म्हणून. खाता खाता त्याला घराची दिशा स्पष्ट दिसली, आणि हेही दिसलं की आपण दोनदा उलटं काम केलं. तो रिकाम्या हातानं उठला.

"कुठं?" जखिणीनं विचारलं.

"फळ हलत नाही. बायको हलेल का ते बघतो."

आवडी ओट्यावरच होती. "पाव्हणं, कुठल्या गावचं?"

या वेळी तो मी तुझा नवरा असं म्हणाला नाही. म्हणाला, "बाई, पाच दिवसांच्या वाटेवर एक फळ आहे. झाडाखाली खाल्लं तरच त्याचा गुण. चला."

"परक्या बाप्याबरोबर मी का यावं?"

सिदोजीनं बराच विचार केला. "येऊ नये," तो म्हणाला. "पण आला नाहीत तर मी जन्मभर या ओट्यावरच राहणार. मुसळ खाऊन खाऊन पाठ मोडलीय."

आवडीला हसू आलं. का ते तिलाही कळलं नाही. "एकटी येणार नाही," ती म्हणाली. "शेजारीण येईल. तिची जाऊ येईल. सगळ्या गावाला सांगा, म्हणजे नावं ठेवायला मागं कुणी उरायचं नाही."

अशी अख्खी राजधानी निघाली. कुणाला कुणाची ओळख नव्हती, म्हणून पुढं कोण मागं कोण ही भानगडच नव्हती. पाण्याची पखाल वाहत एक जाडा माणूस मागून धापा टाकत होता, लोक त्याला दमात घेत, "पखालवाल्या, पाय उचल." वाटेत चौथा दिवस आला. आवडीनं पुन्हा विचारलं, "तुम्ही कोण?" सिदोजी म्हणाला, "वाट दाखवणारा." आणि पुढं चालत राहिला.

झाडाखाली गर्दी झाली आणि फळं पडली पाच. लोक वर बघू लागले, काठ्या उचलू लागले. सिदोजी खोडाला पाठ लावून उभा राहिला. "काठी लावायची नाही. पडेल ते, पडेल तेव्हा. एका फळाच्या वीस फोडी. ज्याची पाळी त्यानं उभ्यानं खायचं." पहिलं फळ त्यानं जखिणीच्या हातावर ठेवलं. तिनं ते तिथंच उभ्यानं खाल्लं. दुसऱ्या दिवसापासून झाड भराभर टपकू लागलं.

आवडीची पाळी तिसऱ्या दिवशी आली. सिदोजीनं फोड पुढं केली आणि दुसरीकडं बघत राहिला. बघवेना त्याला. रस तिच्या कोपरावरून ओघळला. तिनं तो पदराला पुसला आणि त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

मग म्हणाली, "अहो, ते धोतर कधीपासून अंगावर आहे? माणसात आलात, जरा धुवायचं तरी."

सिदोजी धोतर धुवायला पळत सुटला.

पखालवाल्याची फोड शेवटची. खाल्ली, आणि त्याला आपण कोण ते कळलं. खांद्यावर पखाल, भोवती प्रजा. राजानं पखाल खाली ठेवली नाही. आधी रांगेतल्या सगळ्यांना पाणी पाजलं, मग जखिणीपुढं वाकून म्हणाला, "चुकलो."

"दर जेठात या," जखीण म्हणाली. "पाळीनं."

शाप उतरला. दिवाण कचेरीत गेला, न्हावी दुकानात. न्यायाला मात्र लोक अजून न्हाव्याकडंच जातात. तळघर उघडलं तर सोनं नव्हतं, गुडघाभर पीठ होतं. ते झाडून काढायला राजाला आठवडा लागला. झाड परत आलं नाही, आणि कुणी आणायलाही गेलं नाही. दर जेठात सगळं राज्य पाच दिवस चालत जातं, खातं, कोपर पुसतं, परत येतं. तुम्हाला खायचं तर तुम्हीही जा. इथं बसून मागाल तर मिळायचं नाही.