क्लोनमाऱ्याच्या गडग्यातली खिंड

क्लोनमारा गावात शिरलात की आधी नजरेत भरतात ते गडगे. आयर्लंडचा हा पश्चिम किनारा. इथं माती कमी आणि दगड उदंड. चुना नाही की चिखल नाही, नुसता दगडावर दगड रचून माणसाच्या डोक्याच्या वर गेलेले हे गडगे समुद्रावरचं वारं अडवतात, आणि त्यांच्या आडोशाला घराघराची परसबाग तग धरते. पण दोन बागांमधल्या प्रत्येक गडग्यात एक खिंड दिसेल. तिला दार नाही, फळी नाही, साधी काठीसुद्धा आडवी लावलेली नाही. नवख्याला वाटतं, गडगा ढासळलाय. एका पाहुण्याने तर मोठ्या उत्साहाने दगड उचलून ती बुजवायला घेतली होती. गावातल्या म्हाताऱ्या त्याच्यावर अशा धावून आल्या, की बिचारा चहासुद्धा न घेता परत गेला.

त्याला शीलाची गोष्ट कुणी सांगितली नव्हती. तुम्ही ऐकून घ्या, म्हणजे हात जागेवर राहतील.

शीला नाव ऐकून ती आपल्याकडची कुणी समजू नका. इथल्या लोकांतही ते जुनंच नाव आहे. गावात मोटार यायच्या कितीतरी आधीची ही बाई. नवरा होडीसकट समुद्रात गेलेला, घरात एकुलती एक मुलगी हॅना. गडग्यापलीकडे कोलमन, त्याची बायको बारब्रा आणि त्यांचं पोरांचं लटांबर. त्या काळी खिंडी नेहमीच उघड्या नसत. गरज पडली की दगड रचून बंद करत, गरज सरली की काढत. गडगा दुहेरी, दोन अंगं पाठीला पाठ लावलेली. रीत अशी, की आपल्या अंगाचे दगड आपणच रचायचे आणि आपणच काढायचे. शेजाऱ्याच्या अंगाला बोट लावायचं नाही. शेजाऱ्याकडे जायचं तेही खिंडीतूनच. रस्त्याकडचं दार पाद्र्यासाठी, डॉक्टरसाठी आणि वाईट बातमीसाठी असे.

हॅना अमेरिकेला निघाली तेव्हा गावाने रीतीप्रमाणे तिला निरोप दिला. मयताला जागावं तसं सगळं घर रात्रभर जागलं, कारण गेलेलं माणूस पुन्हा दिसेल याची खात्री कुणालाच नसे. सकाळी कोलमननेच तिला आपल्या गाडीतून बंदरावर नेलं. शीला वळणापर्यंत गेली, गाडी दिसेनाशी झाली तशी मागे फिरली, आणि घरी येऊन बघते तर कोलमनच्या शेळ्या खिंडीतून आत घुसलेल्या. कोबीचा वाफा साफ झाला होता. ती रोपं हॅनाने जाण्याआधी लावली होती.

शीलाचं डोकं फिरलं. रडायचं राहिलं बाजूला, तिने शेळ्या हाकलल्या आणि दुपारपर्यंत एकटीने दगड उचलून आपल्या अंगाने खिंड बंद केली. संध्याकाळी कोलमन परतला. पलीकडून दगडावर दगड ठेवल्याचा आवाज तिला ऐकू आला. तोही आपलं अंग बंद करत होता. पोरीला बंदरावर सोडून आलेला माणूस एक शब्द बोलला नाही, नुसते दगड रचत राहिला, आणि शीलाने मनाशी ठरवलं की हा आपल्यावर रागावला.

राग तो किती दिवस टिकणार? कांद्याची पात वर आली तोवर तिचा ओसरलासुद्धा. एका सकाळी तिने आपल्या अंगाचे सगळे दगड काढले आणि बाजूला नीट चळत लावून ठेवली. समोर उरलं ते कोलमनचं अंग. आता त्याने ते काढलं की झालं. ती वाट बघू लागली.

त्याने काढलं नाही. हाक मारायला काय लागत होतं, असं तुम्ही म्हणाल. इथली माणसं एकमेकांसाठी वादळात होडी घालतील, पण मनातलं बोलायची वेळ आली की यांची जीभ टाळ्याला चिकटते. रविवारी प्रार्थनेनंतर दोघांची गाठ पडे. मग हवेवर बोलणं होई. आयर्लंडात हवेवर बोलायला विषय कधीच कमी पडत नाही. हवा संपली की दोघं आपापल्या वाटेने घरी जात.

वर्षं अशीच गेली. इथला वसंत फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला सुरू होतो, मग बाहेर गारा पडत असल्या तरी चालेल. त्या दिवशी शीला बागेत पहिलं फावडं मारी. किनाऱ्यावरून पाठीवरच्या टोपलीतून समुद्री शेवाळ आणून वाफ्यांवर पसरी. पूर्वी टोपलीला खालून हात द्यायला हॅना असे. आता ती टोपली गडग्याला टेकवून पाठीवर घेई. मार्चमध्ये बटाटे लावायचे, मे महिन्यात त्यांना मातीची भर द्यायची. जूनमध्ये उजेड हटता हटत नाही, आणि एकट्या माणसाला लांबलेली संध्याकाळ फार जड जाते. तेव्हा ती उगाचच तण काढत बसे. पलीकडे पोरं भांडत, बारब्रा त्यांच्यावर ओरडे, आणि ते ओरडणं ऐकायला बरं वाटे म्हणून शीला खिंडीजवळचाच वाफा पुन्हा पुन्हा भांगलत राही.

जुलैचा शेवटचा रविवार तिला सगळ्यात वाईट जाई. त्या दिवशी नवे बटाटे काढतात. पहिली वाटी शेजाऱ्याला द्यायची आणि मग घरच्यांनी खायचं, असा नेम. शीला बटाटे उकडी, वर लोणी घाली आणि वाटी घेऊन खिंडीत जाऊन उभी राही. समोर कोलमनच्या दगडांची भिंत. एका वर्षी तिने हाक मारायला तोंड उघडलंही होतं म्हणे. नेमकं तेव्हाच पलीकडे कुणीतरी काही बोललं आणि सगळं घर हसलं. तिला वाटलं, यांना आपल्यावाचून काय अडलंय? वाटी घेऊन ती परत आली. बटाटे गार झाले होते. ते तिने खाल्ले, कारण पिकवलेलं टाकायचं नाही हेही तिला शिकवलेलं होतं.

ऑक्टोबर संपला की बाग निजे. चार वाजता अंधार पडे. हॅनाच्या आठवणीपेक्षाही त्या दिवसांत तिला खिंडीची आठवण जास्त छळी. हॅना समुद्रापलीकडे होती, तिथं इलाज नव्हता. ही माणसं पाच पावलांवर होती.

मग एक हिवाळा असा आला, की शीला गोठलेल्या अंगणात घसरून पडली आणि कंबर धरली. कशीबशी चुलीपर्यंत जाई, पेज करी, पुन्हा अंथरुणाला लागे. फेब्रुवारीची पहिली तारीख आली आणि गेली. बागेत फावडं पडलं नाही. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा ते चुकलं नव्हतं. शीला छताकडे बघत पडून राहिली. आपण इथं मेलो तर कुणाला कधी कळेल, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला पहिल्यांदाच भीती वाटली.

आणखी काही दिवसांनी सकाळीच बागेतून दगड पडल्याचा आवाज आला. तिला वाटलं, वाऱ्याने गडगा कोसळतोय. पण वारा नव्हता. ती काठीच्या आधाराने दारापर्यंत आली. खिंडीच्या वरच्या टोकाला उजेडाचा एक तुकडा दिसत होता. बघता बघता आणखी एक दगड हलला, मग आणखी एक, आणि पलीकडे कोलमनचं डोकं दिसलं. केस पार पांढरे झालेले. रविवारी टोपीखाली ते तिला कधी दिसले नव्हते.

"फावड्याचा आवाज आला नाही," तो म्हणाला. "बारब्रा म्हणाली, गडगा काढ. मी म्हटलं, शीला ओरडेल. तर म्हणाली, ओरडू दे, ओरडली तर जिवंत आहे एवढं तरी कळेल."

एवढं बोलून त्याने पुढचा दगड घ्यायला हात घातला, आणि हात तसाच राहिला. आपल्या अंगामागे शीलाचं अंग असणार, तेही काढावं लागणार, अशा तयारीने तो आला होता. तिथं काहीच नव्हतं. बाजूला दगडांची चळत होती आणि तिच्यावर बोटभर जाड शेवाळं चढलं होतं. शीलाच्या दारापासून खिंडीपर्यंत पायवाट पडली होती, गवताची काडी नसलेली.

"हे कधी काढलंस?"

"घातलं त्याच वर्षी," शीला म्हणाली. "कांद्याची पात आली तेव्हा."

"मग माझं का नाही काढलंस?"

"तुझं मी कसं काढणार, कोलमन? ते तुझं होतं."

कोलमन तिथंच मातीत बसला. "मी शेळ्यांसाठी घातलं गं," तो म्हणाला. "तुला पुन्हा त्रास नको म्हणून. मला वाटलं, तुला आमचं तोंड बघायचं नाही." आणि मग तो मोठा माणूस लहान पोरासारखा रडला, असं सांगतात. शीला रडली नाही. तिने त्याला फावडं कुठं ठेवलंय ते सांगितलं.

त्या दिवशी तिच्या बागेतला वाफा कोलमनने खणला. दोन्ही घरांचे ते दगड त्याने गाडीत भरले आणि समुद्रात नेऊन टाकले. गावाने ते पाहिलं आणि एकेका घराने आपली खिंड मोकळी केली. शीला त्यानंतर काही वसंत जगली. म्हणे ती गेली तेव्हा पाद्रीसुद्धा खिंडीतून आत आला.

आजही क्लोनमाऱ्यात फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला कुणी आपल्या बागेला आधी हात लावत नाही. आधी खिंडीतून शेजारच्या बागेत जायचं, तिथं फावडं मारायचं आणि मग परत यायचं. येऊ का, असं विचारायचं नाही. यातली पुष्कळ घरं आता बंद आहेत, मुलं बोस्टनला, सिडनीला गेली आहेत. त्या बागांतही त्या दिवशी एका फावड्याची ओली माती वर आलेली दिसेल. आत कुणी नाही हे शेजाऱ्याला ठाऊक असतं, तरी तो थोडा वेळ तिथं थांबतो.