बेहड्यावरची रिकामी ढोली

माणसाने जंगलात पाऊलही ठेवलं नव्हतं, तेव्हापासून घरांचे दलाल आहेत. कोकीळ त्यातलाच एक. स्वतःच्या घरट्यासाठी त्याने कधी काडी आणली नाही, पण इतरांना घरं दाखवून तो फळं मिळवायचा.

एकदा त्याने धनेशाच्या जोडप्याला बेहड्यावरची ढोली दाखवली. धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते, चोचीपुरती फट ठेवून दार लिंपून घेते आणि आत तिची पिसं गळतात. नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. म्हणून ती दारच निरखून पाहत होती.

"दार काय बघता वहिनी, शेजार बघा!" कोकीळ म्हणाला. "खारूताई, सांगा की यांना, इथे कसला त्रास आहे का?"

ढोलीला मागून, पानांआड, भगदाड होतं. तिथून दरवर्षी घोरपड शिरायची. खारीला ते ठाऊक होतं. पण कोकिळाने सकाळीच दिलेली उंबरं तिच्या गालात होती. तिने नुसती नकारार्थी मान हलवली.

मादीने दार लिंपलं, अंडी घातली. मग घोरपड मागून आली.

नराने दार फोडून मादीला कसंबसं बाहेर काढलं. अंडी गेली. पिसं गळालेली मादी खालच्या फांदीवर बसून राहिली. पलीकडच्या झाडावर कोकीळ नव्या गिऱ्हाइकाला गोड आवाजात घर दाखवत होता. त्याला कसली लाज!

खार शेजारून उतरत होती. मादीने विचारलं, "ताई, तुम्हाला ठाऊक होतं?"

खारीच्या गालात आजही कोकिळाने दिलेलं उंबर होतं. ते तिला गिळवेना आणि थुंकवेना.