वर्षभराचं कुलूप

एका शहरात एक डॉक्टरीणबाई होत्या. बाळंतपणात कधी कधी बाळाचं डोकं बाहेर येतं, पण खांदा अडकतो आणि बाळ गुदमरतं. अशा बाळाला कसं सोडवावं, याचा ध्यास घेऊन बाईंनी उमेदीची वर्षं घालवली आणि अखेर पद्धत सापडली. रबरी बाहुली घेऊन त्यांनी हाताची एकेक हालचाल दाखवणारा व्हिडिओही केला.

आता हे छापायचं कुठे? एक शोधपत्रिका इंटरनेटवर सगळ्यांना मोकळी होती, पण तिला फारसं कोणी विचारत नसे. दुसरीचा जगभर दबदबा. ती मात्र वर्गणीदारांनाच उघडायची. शिवाय तिची अट होती, वर्षभर लेख किंवा व्हिडिओ दुसरीकडे दाखवायचा नाही.

बाईंनी दबदब्याची पत्रिका निवडली.

लेख आला आणि डोंगरातल्या एका गावाहून सगुणाचा फोन आला. ही परिचारिका बाईंच्याच हाताखाली शिकलेली.

"बाई, लेखाच्या वरच्या चार ओळी दिसतात, पुढं कुलूप. व्हिडिओ मला एकटीला तरी पाठवा ना."

बाई घुटमळल्या. पाठवला आणि पसरला तर?

"शब्द दिलाय गं मी. थोडी कळ काढ. वर्ष बघता बघता सरेल."

"बाळंतिणीला कसं सांगू, बाई, कळ काढ म्हणून?" एवढं बोलून सगुणाने फोन ठेवला.

आठ महिन्यांनी बाईंचा मोठा सत्कार झाला. त्याच आठवड्यात सगुणाचा पुन्हा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"धाकट्या बहिणीचं बाळ गेलं, बाई. खांदा अडकला होता. त्या चार ओळींत 'फिरवावा' एवढंच होतं. कसा, ते नव्हतं. मी माझ्या मनाने फिरवला."

बाई तडक त्या गावी गेल्या. भर दुपारी बाळंतीण ओसरीवर बसली होती. छातीला पान्हा फुटून चोळी ओली झाली होती आणि प्यायला कोणी नव्हतं.

तिने बाईंकडे पाहिलं. "ताई म्हणते, तुम्हाला ठाऊक होतं. मग सांगितलं का नाही?"

बाई तिथेच पायरीवर बसल्या आणि मोबाइल काढून व्हिडिओ साऱ्या जगासाठी खुला केला. पत्रिकेने लेख मागे घेतला, आपल्या लेखकांच्या यादीतून बाईंचं नावही वगळलं.

पुढे कुठून कुठून निरोप येऊ लागले. 'व्हिडिओ पाहून केलं. बाळ रडलं.' बाई प्रत्येक निरोप दोनदा वाचत आणि डोळे पुसत.

सगुणाने मात्र पुन्हा कुणाच्या बाळंतपणाला हात लावला नाही.

तात्पर्य: जीव वाचवणारं ज्ञान उशिरा वाटलं, तर वाटल्याचं पुण्य मिळतं, पण गेलेला जीव काही परत येत नाही.