घंटाआळीतला घास

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही अशा काळी, एक डोंगरी राज्य होतं. तिथे रोज प्रत्येक घरानं शिजलेल्या अन्नातला एक घास दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवायचा, अशी रीत होती.

तो घास गाईसाठी नव्हता की पाहुण्यासाठी नव्हता. तो होता पहारेकऱ्यासाठी. खायला नाही हं, नुसता बघायला! कारण तिथले घुसखोर दार फोडून येत नसत. गुपचूप आत शिरत, धन्याचेच कपडे घालत आणि त्याच्याच चुलीवर आपलं अन्न शिजवून आपली पिलावळ वाढवत. तोंडावरून ते ओळखू येत नसत, पण घास खोटं बोलत नसे. परका घास दिसला की पहारेकरी ते घर जाळून टाकत आणि गाव नवं घर बांधून देई.

पहारेकरी निवडतानाही परीक्षा असे. घरच्याच भाकरीला परकी समजून जो तलवार उपसेल, त्याला तिथूनच परत पाठवत.

फक्त घंटाआळीत पहारा नव्हता. तिथल्या घरांतून निघालेले दोर साऱ्या राज्यात गेले होते. दोर ओढला की दूरवर घंटा वाजे, वेशीचा दरवाजा उघडे, पाटाला पाणी सुटे. ती घरं जळली तर तसं दोरांचं घर पुन्हा बांधता येणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून पहारेकऱ्यांना तिथे मज्जाव. त्यामुळे आळीकरांना शिष्टपणा चढला. "आमच्याकडे कोण मरायला येतंय?" म्हणत त्यांनी घास ठेवणंच सोडलं.

व्हायचं तेच झालं. एके दिवशी घंटा वेड्यावाकड्या वाजू लागल्या. नको तेव्हा वेस उघडली, नको तिथे पाणी सुटलं. राजानं घाबरून पहारेकऱ्यांना आळीत सोडलं. पण सगळे कोनाडे रिकामे!

एक जुना पहारेकरी एका म्हातारीच्या दारात थांबला.

"आजी, आज चुलीवर काय आहे? एक घास ठेव की."

"ठेवला तर घर जाळशील रे बाबा माझं."

"नाही ठेवलास तर सगळं राज्य जाईल. घराचं मी बघतो."

म्हातारी आत चुलीपाशी गेली. मग डोळे मिटून तिनं घास ठेवला. काळपट, उग्र वासाचा. असा घास त्यानं तरुणपणी वेशीवरच्या एका घरात पाहिला होता, म्हणून त्यानं तो लगेच ओळखला. मागच्या शिपायांनी पलिते पेटवले.

"विझवा ते!" तो ओरडला. "हे घर पुन्हा उभं राहायचं नाही. आजी, चूल विझव. आळीला सांग, आज कुणाचीच चूल पेटायची नाही."

आळी उपाशी राहिली. पण चूलच नाही म्हटल्यावर घुसखोरांचं शिजणार काय? पिलावळ वाढेना. भुकेनं कळवळून एकेक घुसखोर बाहेर आला आणि पहारेकऱ्यांच्या हाती लागला.

सकाळी घंटा बरोबर वाजली. म्हातारीनं भिंतीवरून हात फिरवला आणि उंबऱ्यावर मटकन बसून रडली. सुटकेचं रडणं होतं ते.

एखादा घुसखोर अजून माळ्यावर दडला असेलही. म्हणून तो पहारेकरी पुढे आळीतच राहिला, आणि म्हातारी न चुकता घास ठेवू लागली.

तर लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: घरात शिरलेली पीडा दाराशी सांगावी, आणि ती घालवणाऱ्यानं घर शाबूत राखावं.