सुभानाचा चेंडू आणि राजाचे मेहुणे

"त्या सुभानाला उद्या सूर्य माथ्यावर यायच्या आत वेशीबाहेर काढा!" निंबाळगडचा राजा कडाडला.

 राजाला चिडायला कारणही तसंच होतं. त्याच दिवशी, सोमवारी सकाळी, झालेल्या चेंडूफेकीत शेजारच्या करंजवनकरांनी निंबाळगडला भुईसपाट केलं होतं. खेळ तसा सोपा. एकाने चेंडू लांब फेकायचा, चार झेल्यांनी धावत जाऊन तो वरच्यावर झेलायचा आणि उत्तरेच्या निशाणापाशी पोचवायचा. समोरचे गडी फेकणाऱ्याच्या अंगावर धावून येतात, म्हणून त्याला घाई करावी लागते. सुभाना कौलारू गडी, घरांवर कौलं चढवणारा. त्याच्यासारखा फेकणारा पंचक्रोशीत नव्हता. आणि तोच हरला, असं राजाच्या कानावर आलं होतं!

दरबारातून एक पोरगी पुढे आली. सुभानाची धाकटी बहीण येसू. भाऊ खालून कौलं फेकायचा आणि ही छपरावर बसून ती झेलायची.

"महाराज, माझ्या भावाचा हात चुकला नाही."

"मग कोण चुकलं?"

येसूने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. झेले होते राणीसाहेबांचे चार सख्खे भाऊ! मैदानात चेंडू कुठे टाकायचा ते मांडवात बसून झेंडीने सांगणारे होते खुद्द दिवाणजी!

राजाने ओळखलं. "खबरदार! माझ्या मेहुण्यांबद्दल किंवा दिवाणांबद्दल एक वावगा शब्द काढलास, तर भावामागोमाग तूही वेशीबाहेर! त्यांच्याविरुद्ध न बोलता खेळ कोणी घालवला ते उद्या सिद्ध कर. जमेल?"

दिवाणजी मिशीत हसले. मेहुणे उघड हसले.

 तोंड बांधून साक्ष द्यायची तरी कशी? येसूने बोटांवर वार मोजले. आज सोमवार, म्हणजे उद्या मंगळवार. तिचा चेहरा एकदम उजळला.

"जमेल, महाराज! फक्त एक मागणं आहे. सुभाना गेला की जागा रिकामी. तरुणपणी आपला भाला तीन शेतं ओलांडून जायचा म्हणतात. उद्या चेंडू आपणच फेकावा. झेले तेच, झेंडी तीच. करंजवनकरांच्या जागी आपले शिपाई धावतील."

भाल्याचं नाव निघताच राजाची छाती फुगली. "तीन नव्हे, चार शेतं! मंजूर!"

दुसऱ्या दिवशी अख्खा गाव मैदानावर लोटला. राजाने धोतराचा काचा मारला. येसू शिपायांना म्हणाली, "महाराज आहेत म्हणून हात राखून धावू नका हं."

"राखून धावेल त्याची खैर नाही!" राजाच गरजला.

पहिला चेंडू सुटला, सुरेख सुटला! थोरल्या मेहुण्यांच्या थेट हातात पडला आणि दहाही बोटांतल्या अंगठ्यांवर खडखडून खाली घरंगळला.

"अहो, धरा की!"

"माणिक निसटलं असतं, दाजी!"

दुसरा चेंडू दुसऱ्या मेहुण्यांकडे गेला. चेंडू जवळ येताच त्यांनी डोळे घट्ट मिटले. चेंडू टाळक्यावर आपटून उडाला. तिसरे पागोटं सावरेपर्यंत चेंडू कुंपण ओलांडून गेला. चौथे कुठे दिसेनात. शोधलं तर वडाच्या सावलीला पान लावत बसलेले!

राजाच्या कपाळावरची शीर ताडताड उडायला लागली. "दिवाणजी, झेंडी! लवकर सांगा, कुठे टाकू?"

दिवाणजींनी शांतपणे पंचांग उघडलं, बोट फिरवलं आणि झेंडी दाखवली दक्षिणेला. म्हणजे निशाणाकडे पाठ करून!

"अहो, निशाण उत्तरेला आहे!"

"आज मंगळवार, महाराज. उत्तरेला दिशाशूळ, तिकडे जाणं अशुभ! काल सोमवारी पूर्वेला होता, म्हणून सगळे चेंडू पश्चिमेलाच टाकायला लावले."

"सगळे? मग करंजवनकरांना ते कळलं नसेल?"

"दुसऱ्याच चेंडूला कळलं. पश्चिमेला रांग लावून उभे राहिले बिचारे! पण शास्त्र ते शास्त्र."

राजा आ वासून बघत राहिला. तेवढ्यात चार आडदांड शिपाई धडाधडा येऊन आदळले आणि निंबाळगडचा धनी धुळीत उताणा पडला.

तो उठला तो लाल होऊनच. "ठोंबे! चारही मेहुणे ठोंबे आहेत! आणि हा दिवाण, याला खेळ कळतो की तिथी? असल्यांच्या जोडीला प्रत्यक्ष इंद्र चेंडू फेकायला आला तरी हरेल!"

 येसूने पुढे होऊन हात जोडले.

"महाराज, खेळ कोणी घालवला ते सिद्ध झालं का?"

"झालं!"

"मी कोणाबद्दल एक तरी वावगा शब्द काढला का?"

राजाने मागे बघितलं. मेहुणे खाली मान घालून उभे होते आणि दिवाणजी पंचांगाआड लपले होते. "नाही. बोललो तो मीच!" तो पुटपुटला. मग त्याने डोळे बारीक केले. "पण काय गं, तुझ्या भावाने ही तक्रार आजवर माझ्यापर्यंत का आणली नाही?"

"त्याने ती कितीदा फेकली, महाराज! दरबारात झेलणारंच कोणी नव्हतं!"

 राजाचं पोट हललं, खांदे हलले आणि तो गडगडाटी हसला. इतका, की शिपायांना त्याला धरून उभं करावं लागलं.

सुभानाला मानाचा फेटा बांधून त्याची जागा परत दिली. दिवाणजींच्या हातातली झेंडी काढून येसूच्या हाती दिली आणि झेले निवडायचा अधिकारही तिलाच. तिने त्याच संध्याकाळी कौलं झेलणारे चार गडी उभे केले. वर राजाने तिला नदीकाठची दोन बिघे जमीन दिली.

राणीसाहेब भावांपायी आठ दिवस रुसून बसल्या. तेवढं मात्र राजाचं राजाला निस्तरावं लागलं!