वाकड्या ओळीचा नैवेद्य

डोहगावच्या नदीकाठी एक जुनी चिंच होती आणि तिच्याखाली महाराजांचा मुक्काम असे. ना मठ, ना गादी. लोक त्यांना चिंचमहाराजच म्हणत. त्यांच्या भक्तांत गोदूबाई कासारीण मोठी भाग्याची. घरोघर बांगड्या भरता भरता ती पाळणे रची, आणि रामजन्माच्या वेळी देवाला झोके देताना दरवर्षी तिचाच पाळणा म्हटला जाई. दर वेळी पाळणा नवा हवा, अशी गावच्या रामाच्या देवळाची रीत होती.

एका वर्षी मात्र गोदूबाईला काही सुचेना. संक्रांत झाली, होळी झाली, तरी दोन शब्द धड जुळेनात. हरदास त्र्यंबकबुवांना हे कळायला कितीसा वेळ! देवळाच्या पायरीवरच ते म्हणाले, "काय गं गोदे, आटली वाटतं विहीर? यंदा पाळणा आम्ही म्हणू. आणि एकदा मान गेला की गेला, बरं का!"

गोदूबाई रडतच चिंचेखाली आली. "महाराज, शब्द रुसले हो माझ्यावर."

महाराज हसून म्हणाले, "पोर रुसलं म्हणून आई ताट वाढायचं सोडते का गं? रोज सकाळी इथं ये. एक ओळ देवापुढं ठेव. वाकडी का असेना!"

झाले! गोदूबाई रोज येऊ लागली. ओळी अशा, की ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारावा. 'रामबाळा जो जो, दूध पी रे रोज' ही ओळ तर बुवांनी गावभर नकला करून ऐकवली. महाराज मात्र प्रत्येक ओळीला "वा, गोदू, वा!" म्हणत. आणि नवल असे, की हळूहळू गोदूबाईलाही आपल्या ओळींचे हसू येऊ लागले. पाळणा काही जुळत नव्हता. पण तिची सकाळ आनंदात जाऊ लागली.

नवमी उजाडली तरी तिची झोळी रिकामीच. भर दुपारी बुवांनी रेशमी दोरी हाती घेतली, आपले नवे म्हणून एक भारदस्त पद सुरू केले आणि दोरी ओढली. पाळणा हलेना! चौघांनी जोर लावला, तरी जागचा हलेना. बायाबापड्या घाबरल्या. देव जन्मला आणि त्याला झोका नाही, केवढा अपशकुन!

"गोदू, ताट वाढ," गर्दीत उभे असलेले महाराज म्हणाले.

"महाराज, आज तर वाकडी ओळसुद्धा नाही हो!"

"रोज बसतेस ना, तशीच बस."

ती बसली. रोजच्यासारखे डोळे मिटले आणि तोंडाला येईल ते म्हणू लागली:

जो जो रे रामा, नको करू घाई,
उशिरा आल्याला रागवेना आई.

काय सांगावे! ओळीमागून ओळ येऊ लागली, आणि दोरीला कुणाचा हात नसताना पाळणा झुलू लागला. धन्य तो राम आणि धन्य ती गोदूबाई!

बुवा हात जोडून महाराजांपुढे आले. "महाराज, माझं पद नवं नव्हतं. वडिलांचं होतं. मला कित्येक वर्षांत एक ओळ सुचलेली नाही. म्हणून हिचं अडलेलं पाहून मला बरं वाटलं."

महाराजांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "मग उद्या सकाळी चिंचेखाली या, बुवा. पण येताना वाकडीच ओळ आणा हं!"

"या की बुवा," गोदूबाई डोळे पुसत म्हणाली, "दोघं मिळून चुकू."

बुवा हसले, आणि हसता हसताच त्यांना रडू कोसळले. भरल्या देवळात त्यांनी कासारणीच्या पायांवर डोके ठेवले.