आईंच्या आसनावर

“समेटाला बसलो म्हणजे मीच चुकलो, असा अर्थ निघेल ना, आई?”

मठाच्या ओसरीवर दिगंबर सळके पुन्हा पुन्हा तेच विचारत होता.

तो पाटबंधारे खात्यात उपअभियंता. ‘साहेबांनी भर बैठकीत माझा अपमान केला’, अशी तक्रार त्याच्या हाताखालच्या शाखा अभियंता दामिनी खोब्रागडे यांनी केली होती. त्यानेही चिडून त्यांच्यावर उद्धटपणाचा ठपका ठेवला. कचेरीत दोन तट पडले. चहासुद्धा वेगवेगळा येऊ लागला. नव्या पाटाचं काम अडून बसलं.

आता चौकशी लागली असती. ती एकाला तरी बुडवणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात खात्याने दुसरी वाट दाखवली : आधी मध्यस्थासमोर बसा, बोलून मिटतंय का बघा. बाईंनी होकार कळवला. सळकेचा अजून कळायचा होता.

कमळाआई म्हणजे मठातल्या सगळ्यांत वृद्ध तपस्विनी. सळके लहानपणापासून त्यांच्या पायाशी बसत आला होता.

“तू त्यांना म्हणालास तरी काय?” आईंनी विचारलं.

“फार काही नाही हो. त्यांनी पाटाचा नकाशा पुढे केला, तो बाजूला सारून म्हटलं, बाई, ही शाळेतली चित्रकला नव्हे, पाट आहे पाट!”

तो स्वतःच हसला. आई हसल्या नाहीत.

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आपल्या आसनाकडे बोट दाखवलं.

“इथं बस.”

“तुमच्या जागी? छे, आई…”

“बस म्हणते ना.”

तो अंग चोरून बसला. आई त्याच्या चटईवर बसल्या आणि मान ताठ केली.

“आता मी सळके साहेब. तू दामिनीबाई.”

त्याला हसू आलं. तेवढ्यात आईंनी हवेतच एक कागद बाजूला सारला आणि अगदी त्याच्या सुरात म्हटलं,

“बाई, ही शाळेतली चित्रकला नव्हे, पाट आहे पाट!”

…

सळकेचं हसू ओठांवरच राहिलं. कान तापले.

त्याने मान खाली घातली.

“बोला ना, बाई,” आई म्हणाल्या.

“…नकाशा तरी बघायचा होता, साहेब.”

आपल्याच तोंडून हे निघालेलं ऐकून तो दचकला. मग त्याने लांब श्वास सोडला. वर्षभर छातीवर धरलेलं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं, तसं त्याला वाटलं.

तो अंगणात गेला. दामिनीबाईंना फोन लावला.

“मॅडम, सळके बोलतोय. मी समेटाला येतो. त्या दिवशी मी नकाशा न बघताच बोललो. चुकलं माझं.”



“सर,” पलीकडून बाई म्हणाल्या, “मीही नंतर सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. या तुम्ही. बसून बोलू.”

त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. सळके परतला तेव्हा त्याचा चेहरा मोकळा झाला होता. आईंना दंडवत घालून तो निघाला.

पायरीवर मात्र त्याचं पाऊल अडलं.

“आई, बोलता बोलता नकाशात खरंच खोट निघाली, माझंच बरोबर ठरलं तर?”

कमळाआई आपल्या आसनावर नीट बसल्या.

“तर आणखी हळू बोल.”